हिरवी वायर रिकामी हवी

पंखे सुरू झाले आणि टाकीतले सगळे हात एकदम वर आले.

कुणी ओरडलं नाही. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. बारा-तेरा बायका ओले हात छातीशी धरून गप्प उभ्या राहिल्या. मग एकेकीनं कमरेला खोचलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या काढल्या, हातांवर चढवल्या, मनगटाला रबर लावलं आणि हात पुन्हा पाण्यात घातले. कारखान्याचा भोंगा झाल्यावर माणसं जशी सवयीनं उठतात, तसं. मला तेच जास्त भयानक वाटलं.

हे सावद्याजवळचं केळीचं पॅकहाऊस. शेतातून घड येतात. पुरुष फण्या कापतात. बायका त्या स्टीलच्या लांब टाकीत, तुरटीच्या पाण्यात, चीक जाईपर्यंत धुतात. मग फण्या मोठ्या पंख्यांखाली सुकतात, खोक्यात बसतात आणि गाडीत चढतात. काम साधं आहे. फक्त त्या टाकीत, बायकांच्या म्हणण्याप्रमाणे, कुणीतरी होतं.

"ताई, आमच्या टाकीत कोणीतरी हाये," असंच मंदा फोनवर म्हणाली होती. मंदा तिथं फण्या धुते. बाजाराच्या दिवशी आमचं पत्रक तिच्या हातात पडलं होतं, त्याखाली माझा नंबर होता. मी हसले होते. ते चुकलंच.

मी धुळ्याच्या आयटीआयची इलेक्ट्रिशियन. जळगावात पॅनेल बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघं गावोगाव विजेच्या सुरक्षिततेची पत्रकं वाटतो. आम्हाला कुणी बोलावलेलं नसतं. शेतात, कारखान्यात माणूस शॉक लागून मेला की लोक 'त्याची वेळ आली होती' म्हणतात, त्याचा आम्हाला राग आहे. वेळ येत नाही. वायर येते, आणि ती कुणीतरी जोडलेली असते.

म्हणून रजा टाकून गेले.

"कोणाला धरतं?" मी मंदाला विचारलं.

"बायांनाच. माणसांना कधीच नही."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले. पंखे लागले का येते. आधी मुंग्या यायच्या नुसत्या. मग चावायले लागली. परवा मले मागं फेकलं." तिनं कोपर दाखवलं. खरचटलेलं होतं, निळं पडलं होतं.

मी खाली पाहिलं. घड कापणाऱ्या पुरुषांच्या पायात गमबूट. टाकीवरच्या बायका अनवाणी, घोट्याएवढ्या पाण्यात. भूत बायकांनाच का धरतं, याचं अर्धं उत्तर तिथंच मिळालं. रबरातून करंट जात नाही. ओल्या पायातून मस्त जातो.

पॅकहाऊसचे मालक नाना बाजूलाच होते. इस्त्रीचे कपडे, पायात जाड तळव्याचे बूट, कानाला मोबाइल. मी बुटांचं विचारलं तर म्हणाले, "ताई, बायांच्या मापाचे बूट मिळत नाही बाजारात."

"चप्पल मिळते?"

"त्या घालत नाहीत. पाण्यात घसरतात म्हणतात."

"आपण मीटर लावू या," मी म्हणाले. "मला बोर्ड दाखवा."

"आधी त्यायले दाखव ना मागचं," टाकीवरून एक बाई मंदाला म्हणाली. बाकीच्यांनी माना हलवल्या. "आधी अक्काले भेटू दे. अक्काले इचारल्याशिवाय बोर्डाले हात नको लावू वं बाई."

"काय शे बठ्ठं हे?" माझ्या तोंडून घरची अहिराणी निसटली आणि टाकीवर पहिल्यांदा हसू फुटलं. "धुयाची हाये व्हय! तरीच इतक्या जोरात बोलते." मीही हसले. पण मागच्या दाराकडे जाताना सोबत फक्त मंदा आली.

पॅकहाऊसच्या मागे भिंतीला लागून एक निंबाचं झाड. त्याच्या बुडाशी जमिनीतून हातभर वर आलेला लोखंडी पाइप. पाइपापुढे एक दगड, शेंदूर फासलेला. पाइपालाही हळदी-कुंकवाची बोटं. सगळी जमीन उन्हानं भेगाळलेली, पण त्या पाइपाभोवतीचं वर्तुळ तेवढं ओलं. आणि त्या ओल्यात गांडुळं वर आलेली. कडक ऊन, सकाळचे दहा वाजून गेलेले, आणि गांडुळं मातीवर वळवळत होती. काही सुकून मेलेली.

पलीकडे म्हैस बांधलेली होती. तिची पाण्याची टाकी झाडाजवळ होती. म्हशीचा दोर ताणलेला, जितकं लांब जाता येईल तितकं ती लांब उभी.

"आता बादलीनं पाजतो तिले," मंदा म्हणाली. "या टाकीचं पीत नही ती. अंगावर काटा आल्यासारखी करते."

अक्का समोरून आली. शेवंता अक्का, मंदाची सासू. साठीच्या पुढची, उंच, काटक. डोक्यावर कळशी. अनवाणी. माझ्याकडे तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. दगडापुढे उभी राहिली, बोट पाण्यात बुडवून पाइपाला कुंकू लावलं. बोट टेकलं तसा तिचा हात दंडापर्यंत शहारलेला मला दिसला. तिनं हात मागे घेतला नाही. मग कळशी कलती केली.

पाणी जमिनीत मुरलं. आणि आत, भिंतीपलीकडे, पंख्यांचा आवाज बदलला.

मी धावत दारात गेले. मला भास वाटला. भास नव्हता. सगळे पंखे, जे एवढा वेळ दमल्यासारखे फिरत होते, ते जोरात फिरायला लागले होते. टाकीवरच्या बायकांनी हातावरच्या पिशव्या काढल्या. एकीनं माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. पाहिलंस?

खरं सांगते, चार वर्षं वायरी जोडते आहे मी. म्हातारीनं निंबाखाली पाणी घातलं आणि भिंतीपलीकडचे पंखे जोरात फिरले, हे मी कुठल्याही वर्कशॉपमध्ये पाहिलेलं नव्हतं.

मी परत गेले. "अक्का, रोज घालता पाणी?"

"नही घातलं का खवळते ती."

"किती घालता?"

"आधी तांब्या पुरे. मंग कळशी. आता तीन लागतात." ती थांबली. "ऊन वाढलं तशी तहान वाढली तिची."

मंदानं माझा दंड धरला. अक्का दुसरी कळशी भरायला गेली तेव्हा हळूच म्हणाली, "ताई, तिले थांबवा. काल तिचा हात तिथीच चिकटून राह्यला. जरा वेळ. मी पदराला धरून ओढलं. ती म्हणते, कोणाले सांगू नको. बाया तिले आता पाया पडतात. मले दुसरं काही नको. माझ्या सासूचा जीव राहू द्या."

मग मी मीटर काढला.

सामान्य वाचकासाठी दोन गोष्टी सांगते. वीज एका वायरीनं येते आणि दुसरीनं परत जाते. येते ती फेज, परत नेते ती न्यूट्रल. आपल्याकडे न्यूट्रल काळी. तिसरी वायर अर्थिंगची, हिरवी, किंवा हिरव्यावर पिवळा पट्टा असलेली. ती यंत्राच्या धातूच्या अंगाला जोडतात आणि जमिनीत पुरलेल्या पाइपाला नेतात. यंत्रात काही बिघडून अंगात करंट उतरला तर तो माणसातून जायच्या ऐवजी या वायरीनं जमिनीत जावा म्हणून. म्हणजे चांगल्या दिवशी हिरव्या वायरीतून काहीही जात नाही. ती वाट पाहत पडून असते.

क्लँप मीटर म्हणजे चिमटा. वायर न कापता तिच्याभोवती धरायचा, आतून किती करंट जातो ते दिसतं. मी पाइपाकडे येणाऱ्या हिरव्या वायरीला चिमटा लावला. शून्य यायला हवं होतं.

सहा अँपिअर.

पंखे चालू असताना टाकीच्या अंगावर सेहेचाळीस व्होल्ट. हे अक्काच्या कळशीनंतर. माती परत थोडी सुकू दिली, पुन्हा मोजलं, तेव्हा साठच्या वर. पाइपापासून एका पावलावर मातीत दोन स्क्रूड्रायव्हर खोचून मधले व्होल्ट मोजले, तर नुसत्या जमिनीत एकोणीस. अक्काचा एक पाय इथं आणि दुसरा तिथं, की हे एकोणीस तिच्या अंगातून. गांडुळांचं आणि म्हशीचं कोडं तिथं सुटलं. ती दोघं माणसांपेक्षा शहाणी निघाली.

पंख्यांचंही सुटलं. पंख्यांतून परत जाणारा सगळा करंट त्या पाइपानं मातीत शिरत होता. माती सुकी, तर वाट अरुंद. पंख्यांना वीज कमी, ते हळू फिरणार, आणि अडलेली वीज टाकीच्या अंगावर चढणार. पाणी घातलं की वाट मोकळी, पंखे जोरात, टाकी शांत. अक्काचं निरीक्षण दोन महिने तंतोतंत बरोबर होतं. तहान उन्हानं वाढते हेसुद्धा. फक्त ती जिला पाजत होती ती देवी नव्हती. पाण्यानं ती पसरते, एवढं मी अक्काला सांगितलं.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट पाइपावरच होती. हिरवी वायर ज्या नटानं पाइपाला बांधली होती तो रोजच्या पाण्यानं आणि कुंकवानं गंजून पापडासारखा झाला होता. तो तुटला असता तर करंटला जमिनीत जायची वाट बंद. मग पंख्यांतून येणारी सगळी वीज, दोनशे तीस व्होल्ट, हिरव्या वायरीनं उलटी फिरून टाकीच्या अंगात. टाकीत बारा-तेरा बायकांचे हात.

मी आत गेले आणि ओरडले, "पंखे बंद करा! कुणी जोडलंय हे?"

"मी," बोर्डाजवळचा माणूस म्हणाला. पन्नाशीचा, खिशाला टेस्टर लावलेला. भिकाभाऊ मिस्त्री. आयुष्यभर विहिरीवरच्या मोटारी बसवलेला माणूस. परिसरातली निम्मी शेतं त्याच्या हातची.

"हिरव्या वायरीतून पंख्यांची न्यूट्रल परत नेलीय तुम्ही?"

"नेली."

"का?"

"न्यूट्रल आहे कुठं मॅडम?" तो शांतपणे म्हणाला. "या लाइनवर तीनच तारा येतात. तिन्ही फेज. शेतीची लाइन आहे, मोटारीला न्यूट्रल लागत नाही, म्हणून आणलीच नाही कुणी. मग पंखा, बल्ब कशावर चालवायचा? आमच्याकडे सगळे जमिनीवर चालवतात. एक फेज घ्यायची, दुसरं टोक सळईला बांधून जमिनीत. पेटतो बल्ब. तुमच्या धुळ्याकडे नाही करत का?"

करतात. मला माहीत आहे. शेतातल्या खोपीत मीही तो बल्ब पाहिला आहे.

"बल्ब वेगळा, एवढे पंखे वेगळे," मी म्हणाले. "आणि ती हिरवी वायर टाकीच्या अंगाला का जोडली? तीच वायर, जिच्यातून करंट चाललाय?"

"आधी नव्हती जोडली. आधी कोणाला काही होत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी जोडली." तो वळला, बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला बोट केलं. "हे वाचून."

दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. कडा पिवळ्या पडलेल्या, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. आमचं पत्रक. मजकूर मी लिहिलेला. ठळक अक्षरात तीन ओळी:

हिरवी वायर म्हणजे अर्थिंग.
प्रत्येक यंत्राच्या धातूच्या अंगाला हिरवी वायर जोडा.
हिरवी वायर थेट जमिनीत न्या.

"हिरवी वायर जमिनीत गेली आहे," भिकाभाऊ म्हणाला. "टाकीला जोडली आहे, पंपाला जोडली आहे. काय राहिलं, सांगा."

पंख्यांचा आवाज चालूच होता. मी कागदाकडे पाहत राहिले. तिन्ही ओळी बरोबर होत्या. तिन्ही पाळल्या होत्या. आणि त्या पाळल्यामुळे परवा मंदा मागं फेकली गेली होती. आम्ही गावोगाव फिरून लोकांना वेळ येत नाही, वायर येते असं सांगत होतो. इथं ती वायर माझ्या कागदावरून आली होती.

"नियम एवढाच नाही," मी म्हणाले. "नियमात तो रंग अर्थिंगसाठी राखून ठेवलेला आहे. राखून म्हणजे त्या रंगाला दुसरं काम द्यायचं नाही. वायर कुठं जाते त्यावरून रंग ठरत नाही, भिकाभाऊ. ती काय करते त्यावरून ठरतो. जी रोज करंट परत नेते ती न्यूट्रल. मग ती जमिनीत जावो नाहीतर आकाशात, ती हिरवी असू शकत नाही. आणि जी न्यूट्रल आहे ती टाकीच्या अंगाला लागू शकत नाही."

"मग काळी लावून जमिनीत नेली असती तर चाललं असतं?"

"नाही. पण निदान ती टाकीला जोडायचा मोह झाला नसता तुम्हाला."

"हे कुठं लिहिलंय तुमच्या कागदावर?"

"नाही लिहिलं."

"मग?"

तो कुत्सित हसलाही नाही, ते जास्त लागलं.

नाना फोन ठेवून आले. "काय ठरलं मग? गाडी लागलीय बाहेर. पंखे बंद केले तर माल ओला चढेल. पोहोचेपर्यंत काळा पडेल."

"पंखे आत्ता बंद. नवी न्यूट्रल येईपर्यंत बंद."

"ताई, कोणाला मोठं काही झालेलं नाही. मुंग्या येतात जरा. बायांचं काय, एकीला वाटलं की सगळ्यांना वाटतं. मी रोज इथं उभा असतो. मला कधी काही झालं?"

"नाना, बूट काढा."

"काय?"

"बूट काढा, मोजे काढा, पाण्यात उभे राहा आणि टाकीत हात घाला. अक्कानं पाणी घालून पाऊण तास झालाय. माती सुकली असेल. पंखे चालू ठेवते मी. काही होत नाही ना?"

टाकीवरच्या बायकांचे हात थांबले. पुरुषांचे कोयतेही थांबले. नाना आधी माझ्याकडे बघून हसले. मग टाकीकडे पाहिलं. सगळ्या बायका त्यांच्या पायांकडे बघत होत्या, तोंडाकडे नाही. पाण्यात एक फणी हळूहळू फिरत होती, तिला कुणी धरत नव्हतं.

त्यांनी बूट काढले असते तर मी हात धरला असता. मला त्यांना शॉक द्यायचा नव्हता. पण ती वेळच आली नाही. नाना वाकलेसुद्धा नाहीत. मग बोर्डाकडे गेले आणि स्वतःच्या हातानं पंख्यांची सगळी बटणं बंद केली.

पंखे थांबायला वेळ लागला. पूर्ण थांबल्यावर पॅकहाऊसमध्ये इतकी शांतता झाली की पलीकडे म्हशीनं टाकीच्या कडेला शिंग घासल्याचा आवाज आला. मंदानं खिडकीतून पाहिलं. "पाणी पितेय," ती म्हणाली.

त्या दिवशीचा माल बायकांनी सुती कापडानं पुसून चढवला. संध्याकाळपर्यंत पुसत होत्या. नानांनी मला चहा विचारला नाही. भिकाभाऊनं विचारला.

पुढचं काम कंटाळवाणं होतं. वीज कंपनीच्या ऑफिसात अर्ज. मग दुसरा अर्ज, कारण पहिल्यावर शिक्का चुकीच्या ठिकाणी. शेतीच्या लाइनवर पॅकहाऊस कसं चालतं हा प्रश्न निघाला, त्यावर नानांचे दोन दिवस गेले. शेवटी कनेक्शन बदललं आणि डीपीवरून, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवरून, चौथी तार आली. न्यूट्रल. भिकाभाऊनं आणि मी मिळून आतली वायरिंग बदलली. काळी वेगळी, हिरवी वेगळी. जुना पाइप सोडून दिला, नवा अर्थिंगचा खड्डा दुसऱ्या बाजूला केला, झाकणासह. बोर्डात आरसीसीबी बसवला. हा स्विच येणारा आणि परत जाणारा करंट सतत ताडून पाहतो. जराही कमी परत आला, म्हणजे कुणाच्या तरी अंगातून वाट फुटली, की त्याच क्षणी तो लाइन तोडतो.

पंखे लावले. हिरव्या वायरीला चिमटा लावला. शून्य.

भिकाभाऊनं चिमटा माझ्या हातातून घेऊन स्वतः लावून पाहिला. "रिकामी," तो म्हणाला.

अक्का मागे निंबाखाली उभी होती. मंदानं तिला चपला आणून दिल्या होत्या. त्या काढून ती ओल्या मातीवर उभी राहिली. एकदा या पायावर भार, एकदा त्या. मग वाकून पाइपाला हात लावला. मी थांबवलं नाही, तो आता नुसता लोखंडाचा तुकडा होता.

"गेली," ती म्हणाली.

"गेली, अक्का."

"कुठी?"

मला माझं उत्तर फार आवडलं होतं, म्हणून लक्षात आहे. मी म्हणाले, "वायरीनं डीपीवर गेली. जिथून आली होती तिथंच."

अक्कानं मान हलवली. चेहरा पडलेला होता. दोन महिने बायका तिच्या पाया पडत होत्या, आणि मी एका मीटरनं ते संपवलं होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी खूश होते. मी जळगावला परत आले.

आठ दिवसांनी मंदाचा फोन. दुपार होती, मी वर्कशॉपवर. "ताई, अक्का डीपीवर गेली. तांब्या घेऊन."

मी काय बोलून बसले होते ते तेव्हा कळलं. मोटरसायकल काढली. सावद्यापर्यंत रस्ता कसा संपला ते मला आठवत नाही, एवढं आठवतं की सगळा वेळ डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. ट्रान्सफॉर्मरच्या खांबाला कुंकवाचं बोट.

केळीच्या बागेतून पायवाटेनं पळत गेले. केळीत वारा नसला की आवाज अडून राहतो. माझा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि पुढे डीपीची गुणगुण.

अक्का तारेच्या कुंपणाबाहेर उभी होती. जिवंत. मंदा मागे दहा पावलांवर, तोंडावर हात धरून. तांब्या अक्काच्या हातात, भरलेला. चपला बाजूला काढून जोडीनं ठेवलेल्या.

"अक्का, मागं या. पाणी ओतलंत?"

"नही. तू बोल्ली व्हती ना, पाण्यानं ती पसरते. म्हनून आधी पाह्यलं." ती माझ्याकडे वळली नाही. पायांकडे बघत होती. "इथी हाये ती. हलकी हाये, पन हाये."

"इथं नसते अक्का. इथं सगळं नीट बांधलेलं असतं. तुम्हाला तसं वाटतंय, सवयीनं."

"बरं," ती म्हणाली. वाद घातला नाही. नुसती बाजूला झाली, मला जागा करून दिली.

मी चिडले होते, घाबरले होते, आणि एकदाचं हे संपवायचं म्हणून मीटर काढला. तिच्या पावलांचे ठसे होते तिथंच दोन्ही स्क्रूड्रायव्हर खोचले.

चौदा व्होल्ट.

मी मीटर आपटून पाहिला. सेल बदलले. चौदा. कुंपणाभोवती फिरले. डीपीच्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेलं की वाढत होतं, लांब आलं की कमी. आणि कुंपणालगतच्या सावलीत, जिथं पाटाचं पाणी झिरपून ओल होती, तिथं गांडुळं वर आलेली होती.

डीपीवर न्यूट्रल जमिनीला बांधलेली असते. जमिनीत सोडलेला करंट फिरून शेवटी तिथंच येतो. नानांचा बंद झाला होता. मग हा कुणाचा?

भिकाभाऊला फोन लावला. "या डीपीवर अजून किती ठिकाणी जमिनीवर लाइट आहे?"

तो पुटपुटत मोजू लागला. मनात एकेक बांध फिरून आला असावा. "माझ्या हातच्या अकरा," तो म्हणाला. "बाकीच्यांचं मला नाही माहीत."

अकरा शेतं. गोठ्यातले बल्ब, चारा कापायची कुट्टीची मशीन, खोपीतले पंखे. सगळ्यांची परतीची वीज या केळीच्या मुळांखालून, पायवाटेखालून, माणसांच्या आणि गुरांच्या पायाखालून रोज या एका खड्ड्याकडे चालत येत होती. मी एक पाइप बंद करून देवी घालवली म्हणून घरी जाऊन झोपले होते. या बाईनं चपला काढून खात्री केली होती.

आम्ही पत्रक बदललं. आता पहिली ओळ आहे: हिरव्या वायरीतून रोजचा करंट जात असेल तर ती अर्थिंग नाही, सापळा आहे. रंगाची ओळ तिसरी. ज्यांच्या हातात जुनं पत्रक गेलं त्यांच्याकडे परत जातो, शक्य तिथं. भिकाभाऊ सोबत येतो. तो माझ्यापेक्षा कमी बोलतो, म्हणून त्याचं ऐकतात. अकरांपैकी सात जणांनी न्यूट्रल ओढून घेतली. चौघांनी नाही. त्यातल्या दोघांनी आम्हाला पाहून फाटक लावून घेतलं. मी त्यांची नावं पत्रकात छापणार होते. मंदा म्हणाली, छापू नका, पुन्हा जा. पुन्हा जाणार आहे.

धडा विचाराल तर कोरडा आहे. नियम म्हणजे काय करायचं एवढंच नव्हे, त्याच वायरीचं काय करायचं नाही हेही. अर्धा सांगितलेला नियम लोक पूर्ण पाळतात.

अक्का आठवड्यातून एकदा डीपीकडे जाते. चपला घालून जाते, कुंपणापासून लांब थांबते, मग एक पाय काढते. मी रागावले, उपयोग झाला नाही. संध्याकाळी मंदाचा फोन येतो. अक्का कधी 'हाये' म्हणते. हल्ली 'कमी हाये' म्हणते. 'नही' असं अजून एकदाही म्हणालेली नाही.